वर्गनियंत्रण आणि तीन सेकंद

बी.एड.चे विद्यार्थी सराव पाठासाठी शाळेत जातात, तेव्हा त्यांच्या टाचणवहीत उद्दिष्टे, साहित्य, फलकलेखन सारे नीट लिहिलेले असते. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली तर काय करायचे, हे मात्र त्यात नसते. मग आवाज चढतो, डस्टर टेबलावर आपटले जाते. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. मग धाक दाखवायचा नाही, तर वर्ग सांभाळायचा कसा?

अमेरिकेतील जेकब कुनिन या मानसशास्त्रज्ञाने वर्गांचे चित्रीकरण करून हाच प्रश्न तपासला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकातील निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. गडबड झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, यावरून शांत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग यांतला फरक सांगता येत नव्हता. फरक होता तो गडबड होण्यापूर्वीच्या वागण्यात. यशस्वी शिक्षकांचे लक्ष सगळीकडे आहे, हे मुलांना जाणवत होते. एकाची वही तपासतानाही त्यांची नजर वर्गावर असे आणि पाठाचा धागा मध्येच तुटत नसे.

दुसरा पुरावा विज्ञानाच्या तासांचा आहे. मेरी बड रो या संशोधिकेने असे अनेक तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली आणि शिस्तीसाठी बोलण्याचे प्रसंगही कमी झाले.

असे का व्हावे? एका सेकंदात हात वर करणारी मुले चार-पाचच असतात. प्रश्न आपल्यासाठी नाही, हे इतरांना लवकरच कळते. ज्याला वर्गात काम नाही, तो स्वतःचे काम शोधतो. आपण त्याला खोडी म्हणतो.

स्वतः किती सेकंद थांबतो, हे शिकवताना कोणालाच कळत नाही. इथे यंत्र उपयोगी पडते. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या सूक्ष्म अध्यापनाला पुढे चित्रफितीची जोड मिळाली, ती याचसाठी. आपल्याकडे एन.सी.ई.आर.टी.ने त्याचे ३६ मिनिटांचे चक्र ठरवले : अध्यापन ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा अध्यापन ६ आणि पुन्हा प्रत्याभरण ६ मिनिटे. सर्वांत जास्त वेळ आहे तो फेरविचाराला! पण यात समोर सहाध्यायी बसलेले असतात; ते कशाला खोड्या काढतील? म्हणून हे चक्र खऱ्या वर्गातही चालवायला हवे.

त्यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि मुलांना सांगून मोबाइल टेबलावर ठेवावा व दहा मिनिटांचा फक्त आवाज मुद्रित करावा. घरी ऐकताना वहीत चार गोष्टी नोंदवाव्यात : प्रश्न किती विचारले, प्रत्येकानंतर किती सेकंद थांबलो, किती वेगवेगळी मुले बोलली आणि गडबड सुरू होण्याच्या आधी आपण काय करत होतो. नोंदी झाल्या की मुद्रण पुसून टाकावे. ते मुलांना पकडण्यासाठी नाही, आपले आपल्याला ऐकू यावे यासाठी आहे. पुढच्या आठवड्यात यांपैकी एकच गोष्ट बदलून पाहावी आणि पुन्हा मोजावे.

निरीक्षण, मोजमाप, एका वेळी एकच बदल आणि पुन्हा निरीक्षण ही प्रयोगाची पद्धत आपण मुलांना शिकवतोच. ती आपल्या तासाला लावली, तर मागच्या बाकावरचा, आजवर न बोललेला मुलगा कदाचित तिसऱ्या सेकंदाला हात वर करील. करून पाहायला काय हरकत आहे?