ट्रिकसीनची माणसं

लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा खरेदी करून १९१२ साली परतलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी आधी एक वाटाणा चित्रित केला. कुंडीत बी पेरलं, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढू लागते, सगळं मिनिटभरात. हा खटाटोप हौसेखातर नव्हता. सिनेमा काढायचा तर पैसा आणि माणसं हवीत, आणि चलच्चित्र म्हणजे काय हे नुसतं बोलून त्या काळी कुणाला पटणार नव्हतं. छायाचित्रणाचं साहित्य विकणाऱ्या यशवंतराव नाडकर्णींनी ती फीत पाहिली आणि कर्ज द्यायची तयारी दाखवली.

आज लघुपट करू पाहणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: टीम कुठे मिळेल? खून, भूत, आग, तुटलेला हात असं काही कथेत असेल, तर त्यापुढचं वाक्यही ठरलेलं: ते पोस्टमध्ये, म्हणजे नंतर संगणकावर, करू. या दोन्हींचं उत्तर मला आपल्याच सिनेमाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत दिसतं. कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेली करामत, जिला आपल्याकडे सरळ ट्रिकसीन म्हणतात, ती करणारी माणसं तेव्हा सिनेमाच्या धंद्यातून आली नाहीत. तेव्हा धंदाच नव्हता. ती आली रंगाऱ्यांच्या पडद्यांमागून, वर्कशॉपमधून, खानावळीतून.

फाळक्यांनी ‘इंदुप्रकाश’सारख्या वृत्तपत्रांत नटनट्यांसाठी जाहिराती दिल्या. हवी तशी माणसं त्यातून काही मिळाली नाहीत. स्त्री भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडला. सडपातळ बांधा, नाजूक हात. हॉटेलात दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा कबूल केले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ला तारामती मिळाली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही रंगवले. कॅमेरा सांभाळला त्र्यंबक तेलंगांनी. तेही फाळक्यांच्या हाताखालीच शिकले. आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? अंधारात फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड परतवणं आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. आजच्या श्रेयनामावलीत या कामांना चार वेगळी पदं मिळाली असती.

फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत. आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव त्यांनी घेतलं होतं. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा चालू करायचा. तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसरं चित्र घ्यायचं. जादूगाराच्या हातचलाखीचाच हा पुढचा टप्पा होता. ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या पटात तर काड्याच नट झाल्या. पैसा नसेल तेव्हा काय करायचं, याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

कोल्हापूरची गोष्ट याहून लांबची आहे आणि मला अधिक जवळची वाटते. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. फाळक्यांचा चित्रपट पाहून दोघांना ध्यास लागला. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा तो घरी बनवायचं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. यंत्रावर हात बसलेले विष्णुपंत दामले सोबत होते. कॅमेरा चालता झाला. तानीबाई कागलकर या गायिकेनं भांडवल पुरवलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या फेब्रुवारीत ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. त्यातला भीमाच्या हातून होणारा कीचकवध इतका हुबेहूब वठला की सेन्सॉरची वक्रदृष्टी त्याच्यावर वळली.

ही मंडळी एकमेकांना सापडली कशी? कोणी कोणाला ‘स्पेशल इफेक्ट्सचा माणूस’ म्हणून शोधत नव्हतं. बाबूरावांना यंत्र उघडून पुन्हा जोडणारा माणूस हवा होता, रंग जाणणारा हवा होता. फत्तेलाल आले ते चित्रकार म्हणून. शांताराम वणकुद्रे हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आणि पत्र्याच्या थिएटरात उमेदवारी करून आलेले. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली, तेव्हा पाचवे भागीदार होते सीताराम कुलकर्णी, धंद्यानं सराफ. ‘संत तुकाराम’मधलं वैकुंठाला जाणारं विमान आणि ‘संत ज्ञानेश्वर’मधली चालती भिंत याच घराण्यातली. त्या भिंतीकडे पाहताना प्रेक्षक हात जोडत असतील, तर त्याचं श्रेय भक्तीइतकंच सुतारकामालाही जातं.

मुंबईत बाबूभाई मिस्त्रींचं टोपणनावच ‘काला धागा’ पडलं होतं. विजय भट्टांच्या १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणूस वस्तू हलवतो, अशी दृश्यं होती. बाबूभाईंनी वस्तूंना काळा दोरा बांधला आणि पार्श्वभूमीही काळी ठेवली. ऐकायला सोपं आहे. करून पाहिलं की अडचण कळते. दोरा काळा असला तरी उजेड तिरका पडला की चमकतो. वस्तूवर प्रकाश हवा, दोऱ्यावर नको. म्हणजे दिवा, दोरा आणि कॅमेरा यांचे कोन जुळवणं आलं. वर बसून दोरा ओढणाऱ्याचा हात थरथरता कामा नये आणि नटाची नजर वस्तू हलण्याच्या क्षणभर आधी तिकडे वळता कामा नये. एका दोऱ्यामागे निदान चार माणसांचा मेळ लागतो. ‘मिस्टर इंडिया’तल्या (१९८७) करामती जमवणारे पीटर परेरा याच परंपरेतले.

संगणक आला म्हणून हे संपलं, असं नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१२ मध्ये चित्रित होऊ लागला आणि २०१८ मध्ये पडद्यावर आला. त्यातली शापित आजी आणि नायक विनायकचा लहानगा मुलगा, दोन्ही मोहम्मद समद या एकाच मुलानं साकारले. आजीचं सगळं शरीर रंगभूषेनं घडवलेलं होतं. समोरच्या नटाला घाबरायला खरोखर काहीतरी समोर होतं. हिरव्या पडद्याकडे पाहून ती भीती आणणं फार थोड्यांना जमतं, आणि नवख्यांना तर नाहीच.

मग आजची ती माणसं कुठे आहेत? फिल्म सोसायटी, महोत्सव, फिल्म इन्स्टिट्यूटचं आवार (ते प्रभातचंच जुनं आवार) इथे कॅमेरामन आणि संकलक भेटतील. ट्रिकसीनसाठी मात्र वाट वाकडी करावी लागेल. सिंधुदुर्गात दशावताराच्या फलकांवर ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ असं ठळक छापलेलं असतं. त्या रंगमंचावर राक्षसाचं मुंडकं उडतं, देव प्रकटतो, तेही प्रेक्षकांसमोर, एकाच खेपेत, दुसरा टेक न घेता. पुण्या-मुंबईत गणपतीचे हलते देखावे करणारे कारागीर गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि लाकडी चाकं जोडून हनुमानाला उडवतात आणि दहा दिवस रोज तासन्तास तो उडत राहतो. तुमच्या लघुपटाला तो दहा सेकंद उडायला हवा. पेणच्या मूर्तिशाळांतल्या हातांना साचा म्हणजे काय, तो कुठे फुटतो, कुठे जोड दिसतो, हे शिकवावं लागत नाही. त्यांना फक्त इतकं सांगायचं की माणसाच्या चेहऱ्यावर प्लास्टर थेट ओतायचं नाही. ते घट्ट होताना तापतं. आधी दंतवैद्य वापरतात ते आल्जिनेट, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या, नाकपुड्या मोकळ्या. आग किंवा दारूकाम असेल तर परवानाधारक माणसाशिवाय पुढे पाऊल टाकू नये. तिथे पैसे वाचवणं गुन्हा आहे.

या कारागिरांकडे जाताना पटकथेची चाळीस पानं घेऊन जाऊ नका. फाळक्यांसारखा वाटाणा घेऊन जा: फोनवर टिपलेला, फसलेला का असेना, एक मिनिटाचा नमुना. ‘हे असं दिसायला हवं, पण दोरा दिसतोय’ एवढं म्हटलं की समोरचा माणूस पुढे सरकून बसतो, कारण आता प्रश्न त्याच्या हुन्नराचा झालेला असतो. ‘सध्या पैसे नाहीत, पण नाव होईल’ हे वाक्य मात्र मोसमावर घर चालवणाऱ्या माणसासमोर उच्चारू नये. थोडी का होईना, रोजी आधी ठरवावी, साहित्याचा खर्च वेगळा धरावा, आणि दोन ओळींचा कागद करावा. त्यात त्याचं नाव श्रेयनामावलीत कोणत्या पदानं येईल, हेही लिहावं. मदतनीस म्हणून नको. ट्रिकसीन ज्यानं केला, त्याच्या नावापुढे ट्रिकसीन असंच यावं.

आणि वेळही साधावी लागते. गणपतीपर्यंत मूर्तिशाळांत उभं राहायला जागा नसते, देखाव्यांचे कारागीर नवरात्रापर्यंत गुंतलेले असतात. दिवाळीनंतर त्यांचे हात मोकळे होतात, आणि त्याच सुमारास कोकणात जत्रा सुरू होऊन दशावतारी मंडळं गावोगाव निघतात. तेव्हा एखाद्या जत्रेला जा, प्रयोग संपेपर्यंत थांबा आणि मुंडकं कुणी उडवलं ते रंगपटात जाऊन विचारा.