पावसाआधी छपराची निगा : पत्रा वाचवा, माणूसही वाचवा

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या मोहल्ल्यांतून एक ठरलेले दृश्य दिसू लागते. वर्षभर ज्या छपराकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते, त्याच्यावर एकदम माणसांची ये-जा सुरू होते. कोणी डांबराचा डबा घेऊन चढलेला असतो, कोणी जुने टायर सरकवीत असतो आणि खाली मालक शिडी धरून ‘लवकर आटप’ म्हणून ओरडत असतो. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, दक्षिण कोकणात त्याहूनही आधी. तेव्हा घाई समजण्यासारखी आहे. परंतु याच घाईत पत्र्याचे नुकसान होते आणि कधी कधी माणसाचेही.

आमच्या ओळखीच्या एका यंत्रमाग कारखान्यात असेच घडले. छप्पर झाडायला विशीतला एक कारागीर वर चढला. उजेडासाठी मध्येमध्ये बसविलेले फायबरचे पत्रे धुळीने इतर पत्र्यांसारखेच काळे पडले होते. त्याने त्यातल्याच एकावर पाय ठेवला आणि पत्र्यासकट तो मागांच्या रांगेत खाली आला. जीव वाचला, पण कमरेचे हाड मोडले. मालक भला माणूस, दवाखान्याचा खर्च त्याने केला. आम्ही भेटलो तेव्हा तो इतकेच म्हणाला, “भाई, उजेडाच्या पत्र्याचे त्याला सांगायचे राहून गेले.” जे सांगायचे राहून जाते, ते येथे एकत्र देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पत्रा गंजतो कसा?

आपण ज्याला जस्ती पत्रा म्हणतो, तो मुळात पोलादाचा असतो आणि त्यावर जस्ताचा थर दिलेला असतो. या पद्धतीचे पेटंट फ्रान्समधील स्तानिस्लास सोरेल याने १८३७ साली घेतले होते. जस्त स्वतः झिजते आणि आतल्या पोलादाला सांभाळते. म्हणजे पत्र्याचे आयुष्य हे जस्ताच्या थराचे आयुष्य होय. दुकानदार ‘२७५ जीएसएम’ किंवा ‘१२० जीएसएम’ म्हणतात. हा आकडा एका चौरस मीटरवर दोन्ही बाजूंना मिळून किती ग्रॅम जस्त आहे, ते दाखवितो. २७५ ग्रॅम म्हटले तरी एका बाजूचा थर १९-२० मायक्रॉनचाच होतो. १२० ग्रॅम असेल तर जेमतेम ८ मायक्रॉनचा. दोन्ही थर माणसाच्या केसाहून बारीक आहेत. पत्रा तारेच्या ब्रशने खसाखसा घासला की मळाबरोबर हा थरही जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तेथेच गंज धरतो.

पत्र्याचे शत्रू ठरलेले आहेत. किनारपट्टीवर खारा वारा. कारखान्याच्या आवारात रंगाच्या हौदांची वाफ, भट्टीची काजळी, रसायनांचा धूर. आणि सगळीकडे साचलेला ओला पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि छपरावर ठेवलेले अडगळीचे सामान. टायर, दगड, भिजलेली गोणपाटे यांच्याखाली पाणी धरून राहते आणि पत्रा तेथूनच कुजू लागतो. हल्ली आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. एअरकंडिशनरची तांब्याची नळी उघडी असेल आणि तिच्यावरून गळणारे पाणी पत्र्यावर पडत असेल, तर त्या वाटेवरचे जस्त भराभर झिजते. ती नळी झाकून घ्यावी आणि पाणी पाइपने खाली सोडावे.

अर्धे काम खालूनच होते

छपरावर चढण्यापूर्वी खालून पाहणी करावी. भर दुपारी दारे-खिडक्या लावून, दिवे मालवून आत उभे राहिले की पत्र्यातली बारीक भोके चांदण्यांसारखी चमकतात. भोक कोणत्या कैचीपासून किती हातांवर आहे, ते कागदावर टिपून घ्यावे. फायबरचे पत्रे कोठे कोठे आहेत तेही त्याच कागदावर मांडावे आणि तो कागद वर जाणाऱ्याला दाखवावा. आम्ही वर सांगितलेल्या कारखान्यात एवढे झाले असते तरी पुष्कळ होते.

यंत्रमागवाल्यांनी कैच्यांवर आणि पत्र्याच्या आतल्या बाजूस बसलेला कापसाचा तंतू याच वेळी काढून घ्यावा. तो दमट हवेत ओल धरून ठेवतो आणि ठिणगी पडली तर आग पसरवितो. हे काम माग थांबवून, वीज बंद करून करावे.

वळचणीखालचा पत्रा आपण विसरतोच. छपराचा वरचा भाग पावसाने आपोआप धुतला जातो, पण वळचणीच्या आतल्या बाजूला पाऊस पोहोचत नाही. खारा थर तेथे वर्षानुवर्षे बसून राहतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तेवढा भाग वर्षातून दोन-तीन वेळा जमिनीवरूनच नळीने गोड्या पाण्याने धुवावा. बैठ्या घराचे छप्परही लांब दांड्याच्या मऊ ब्रशने खालून किंवा मजबूत घोडीवरून बरेचसे साफ होते.

धुवावे कसे?

साधे पाणी, मऊ ब्रश आणि गरज पडली तर सौम्य साबण, इतकेच पुरे. आधी कोरडा पाला झाडून घ्यावा, मग आढ्याकडून वळचणीकडे, पाण्याच्या वाटेनेच धूत यावे. खालून वर जोराची धार मारल्यास पाणी पत्र्यांच्या जोडात शिरते आणि आत साचते. शेवाळ असेल तर साबणाचे पाणी लावून काही मिनिटे थांबावे, ब्रशने काढावे आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. संडास साफ करण्याचे ॲसिड, कॉस्टिक सोडा, ब्लिचिंगचे घट्ट पाणी यांपैकी काहीही पत्र्याला लावू नये. उन्हाळ्यात गारव्यासाठी काही जण पत्र्याला चुना फासतात. ओला चुना आणि ओले सिमेंट दोन्ही जस्ताला खातात, हे ध्यानात ठेवावे. छपराचे पाणी टाकीत किंवा विहिरीत घेत असाल तर धुण्यापूर्वी तो पाइप काढून ठेवावा.

सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला घासणे, खरवडणे किंवा कापणे टाळावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. शिवाय हा पत्रा ठिसूळ असतो. त्यावर सरळ पाय कधीही ठेवू नये.

वर चढणाऱ्याने काय पाहावे?

चढायचेच असेल तर वेळ सकाळची, दव वाळल्यानंतरची निवडावी. ओल्या पत्र्यावर पाय घसरतो आणि दुपारी तोच पत्रा हात भाजतो. वारा सुटला असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. वाऱ्यात हातातला सुटा पत्रा माणसाला घेऊन खाली येतो.

शिडी उभी करताना चार फुटांच्या उंचीला एक फूट या हिशेबाने पाया भिंतीपासून दूर ठेवावा. वळचण बारा फुटांवर असेल तर पाया तीन फूट. शिडीचे वरचे टोक वळचणीच्या तीन फूट वर गेले पाहिजे आणि ते बांधलेले पाहिजे. शिडी पाण्याच्या पन्हळीला टेकवू नये, पन्हळ वाकते.

पायात कोरडे, रबरी तळाचे बूट असावेत. पत्र्यावर स्क्रूंची आडवी रांग दिसते, तिच्याखाली आधाराची पट्टी असते. पाय त्या रांगेवरच ठेवावा. पत्रा जुना असेल तर दोन-तीन आधारांवर टेकेल अशी लांब, जाड फळी टाकून तिच्यावरून चालावे, आणि फळी सरकू नये म्हणून बांधून घ्यावी. उजेडाच्या फायबरच्या पत्र्याभोवती आधी चुन्याची किंवा रंगीत दोरीची खूण करून घ्यावी. उन्हाने तो आतून फुटका झालेला असतो, वरून कळत नाही. कमरेला साधी दोरी बांधून भागत नाही. पडल्यास ती पोटात रुतते. खांदे आणि मांड्या दोन्ही धरणारा सुरक्षापट्टा मिळतो. दोन-चार पत्र्यांच्या किमतीत तो येतो आणि वर्षानुवर्षे चालतो. त्याची दोरी कैचीला किंवा पक्क्या तुळईला बांधावी. पत्र्याला किंवा पन्हळीला कधीही नाही.

विजेचे भय वेगळे. घरातल्या वायरीचे आवरण फाटले असेल तर अख्खे छप्पर करंट धरते. म्हणून मेन स्विच बंद करावा आणि त्यानंतरही वर जाण्यापूर्वी टेस्टरने पाहून घ्यावे. वीज कंपनीची घरात येणारी तार मात्र मेन स्विच बंद केला तरी चालूच असते. छपराजवळून तार जात असेल तर तेथे पत्रा, लोखंडी पाइप, ॲल्युमिनियमची शिडी किंवा पाण्याची धार नेऊ नये. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. आणि वर एक माणूस असताना खाली दुसरा हवाच.

स्क्रू, वॉशर आणि रंग

बहुतेक गळती पत्र्याच्या भोकातून नसून स्क्रूच्या वॉशरमधून होते. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो, जुन्या हुक बोल्टचा डांबरी वॉशर वितळून निघून जातो. वॉशर बदलणे स्वस्त आहे, त्यावर डांबर थापणे हा तात्पुरता उपाय होय. स्क्रू इतका आवळावा की वॉशर बसेल, चेपून बाहेर येणार नाही. वळचण, आढे आणि कोपरे येथे वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून तेथले स्क्रू आधी तपासावेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत असंख्य घरांची छपरे गेली. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्यांना ढिल्या पत्र्याची किंमत सांगावी लागत नाही.

पत्रा कापल्यावर किंवा भोक पाडल्यावर जो लोखंडी कीस पडतो, तो त्याच दिवशी झाडून काढावा. एका रात्रीच्या दवात तो गंजतो आणि रंगीत पत्र्यावर कायमचे डाग पाडतो. नव्या जस्ती पत्र्याला सरळ ऑइल पेंट लावला तर थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे सुटतात. जस्तासाठी वेगळा प्रायमर मिळतो, तो मागून घ्यावा. जेथे गंज धरलाच आहे तेथे तेवढीच जागा घासून, पुसून, गंजरोधक प्रायमर आणि मग रंग द्यावा. पत्र्याचा व्यापार करणाऱ्या आमच्या भावांनी गोदामातली थप्पी थोडी तिरकी आणि कोरड्या हवेत ठेवावी. ओली थप्पी दाबून राहिली की पत्र्यावर पांढरी पूड येते आणि गिऱ्हाईक माल परत करते.

जबाबदारी कोणाची?

कारखान्यांतून हे काम सहसा सर्वांत नव्या, सर्वांत तरुण पोराच्या गळ्यात पडते, कारण तो नाही म्हणत नाही. कोकणातल्या आमच्या अनेक घरांत कर्ते पुरुष आखातात असतात आणि साठी उलटलेले चाचा स्वतःच शिडी लावतात. दोन्ही प्रकार बंद झाले पाहिजेत. कामावर असताना मजुराला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण मोडलेले हाड भरपाईने पूर्ववत होत नाही आणि मागावरचा हात महिनोन्‌महिने घरी बसतो.

मालेगावसारख्या गावांत माग शुक्रवारी बंद असतात आणि छपराचे काम त्याच दिवशी निघते. सारे छप्पर एकाच सुट्टीत उरकण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या जुम्म्याला खालून पाहणी आणि कागद, दुसऱ्याला धुणे, तिसऱ्याला स्क्रू व रंग, असे वाटून घेतले तर घाई राहत नाही. त्यासाठी सुरुवात मेच्या पहिल्याच आठवड्यात केली पाहिजे. पत्रा गेला तर बाजारात दुसरा मिळतो. वर पाठविलेला माणूस ज्या शिडीने चढला त्याच शिडीने खाली उतरला पाहिजे, आणि हे पाहणे शिडी धरून खाली उभे असलेल्या मालकाचे काम आहे.