गाडीत लाल बॅटरी दिवा लागला? थांबा, आधी हे समजून घ्या

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर दिव्यांची रांग लागते. त्यात बॅटरीच्या आकाराचा एक लहानसा लाल चौकोन असतो, आत अधिक आणि उणे अशा खुणा असलेला. इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत तो विझतो, त्यामुळे आपलं त्याच्याकडे फारसं लक्ष जात नाही. पण हाच दिवा गाडी चालू असताना लागला तर? मागच्या सीटवर मुलं झोपलेली, बाहेर पाऊस, पुढचं गाव वीस किलोमीटरवर. पुढे जायचं की थांबायचं, हे तेव्हा लगेच ठरवावं लागतं. निर्णय चुकला तर हेडलाइटही न लागणारी गाडी घेऊन अंधारात उभं राहण्याची वेळ येते.

हा दिवा नेमकं काय सांगतो आणि बिघाड कुठे शोधायचा, ते पाहू.

दिवा बॅटरीचा, तक्रार चार्जिंगची

सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. लाल दिवा लागला की 'बॅटरी गेली' असं समजून लोक नवी बॅटरी बसवतात. चार दिवसांनी तीही उतरते.

बॅटरीचं मुख्य काम गाडी सुरू करून देण्याचं. एकदा इंजिन फिरू लागलं की वीज तयार करतो तो अल्टरनेटर, ज्याला अनेक गॅरेजमध्ये आजही डायनामोच म्हणतात. इंजिनावरच्या पट्ट्याने तो फिरतो, हेडलाइट, वायपर, एसीचा पंखा, इंजिनाचा कॉम्प्युटर या सगळ्यांना वीज देतो आणि उरलेल्या विजेवर बॅटरी भरतो. त्याच्या आतले डायोड ही वीज बॅटरीला चालेल अशी एकदिशा करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज हाताबाहेर जाऊ देत नाही.

चालू गाडीत लाल दिवा लागणं म्हणजे ही साखळी कुठेतरी तुटली आहे आणि गाडी आता फक्त बॅटरीतल्या शिल्लक विजेवर चालली आहे. घरात नळाचं पाणी बंद झालं आणि टाकीतलं वापरायला घेतलं, तसंच हे.

रस्त्यात दिवा लागला तर

सर्वात आधी इंजिनाच्या तापमानाचा काटा किंवा दिवा पाहा. काही गाड्यांमध्ये पाण्याचा पंप आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग याच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला असेल तर बॅटरी दिव्यासोबत तापमान चढू लागतं, स्टिअरिंग जड होतं. असं दिसलं तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. हजार्ड दिवे लावा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. गरम इंजिन रेटलं तर पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो.

तापमान ठीक असेल, तर थोडा वेळ तुमच्या हातात आहे. तो वाचवण्यासाठी एवढं करा:

• एसी, पंखा, म्युझिक सिस्टिम, मागच्या काचेचा हीटर आणि फोनचे चार्जर बंद करा.
• सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारी सोय गाडीत असेल तर ती बटणाने थांबवा.
• वाटेत इंजिन बंद करू नका. पुन्हा सेल्फ मारायला बॅटरीत ताकद उरेलच असं नाही.
• रात्री किंवा पावसात वीज वाचवण्यासाठी हेडलाइट मात्र बंद करू नका. त्यापेक्षा लवकर थांबा.

किती वेळ मिळेल? दोन ५५ वॅटचे हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. पेट्रोलचा पंप, इग्निशन, वायपर, रेडिएटरचा पंखा धरले तर आकडा ३० अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. लहान गाडीतली ३५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर तासभर पुरेल. पण ती पूर्ण रिकामी होण्याच्या आधीच व्होल्टेज इतकं पडतं की इंजिन बंद पडतं. म्हणून रात्रीच्या वेळी अर्ध्या तासाहून जास्त गृहीत धरू नका, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी.

थांबायला पेट्रोल पंप, धाबा किंवा उजेडाची जागा निवडा. समोर घाट असेल तर चढायला सुरुवात करण्याआधीच थांबा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या हेल्पलाइनवर मदत मागता येते, मग तुम्ही रत्नागिरीजवळ असा की इंदूर, बडोदा किंवा हैदराबादच्या वाटेवर.

आधी डोळ्यांनी पाहा

इंजिन बंद आणि थंड असताना बोनेट उघडा. निम्मे बिघाड उपकरणाशिवायही लक्षात येऊ शकतात.

पट्टा: तो जागेवर आहे का? भेगा पडल्यात का, कडा उसवल्यात का, गुळगुळीत चकचकीत झालाय का? सकाळी किंवा साचलेल्या पाण्यातून गेल्यावर चिरकल्यासारखा आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय.

टर्मिनल: बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवट पूड जमलीय का? क्लॅम्प हाताने हलतोय का? हलत असेल तर वीज नीट पोहोचत नाही. सफाई करताना आधी उणे टर्मिनल काढा, लावताना ते शेवटी लावा. खाण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. हातमोजे आणि चष्मा घाला, कारण ती पूड आम्लाची असते.

वायरी: अल्टरनेटरच्या मागची जाड वायर आणि छोटा प्लग सैल किंवा जळका दिसतो का? पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात, तेही तपासा.

मल्टिमीटर सांगेल खरं

इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक अधिकला, काळं उणेला लावा.

पहिलं मोजमाप: गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी सुरू करण्यापूर्वी. १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे.

दुसरं मोजमाप: इंजिन सुरू करून. बहुतेक गाड्यांत आकडा १३.५ ते १४.७ च्या दरम्यान यायला हवा. इंजिन चालू असूनही तो १२.५ च्या आसपासच राहिला आणि हळूहळू उतरत गेला, तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. अशा वेळी बॅटरी फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. तसा वास आला तर इंजिन बंद करा, जवळ काडी पेटवू नका आणि गाडी पुढे चालवू नका.

तिसरं मोजमाप: हेडलाइट, पंखा आणि मागचा हीटर लावून. आकडा १३ च्या वर टिकायला हवा. एकदम खाली आला तर पट्टा घसरतोय, कार्बन म्हणजे ब्रश झिजलेत किंवा एखादा डायोड गेलाय.

नव्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत कॉम्प्युटर गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे आकडा थोडा वेळ खाली दिसला म्हणून लगेच बिघाड समजू नका, गाडीचं माहितीपुस्तक पाहा. मोठ्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमधल्या नारिंगी केबलना तर हातही लावू नका, त्यात जिवावर बेतेल इतका दाब असतो.

दिवा लागत नाही, तरी बॅटरी उतरते

असंही होतं. चार्जिंग ठीक, दिवा विझलेला, तरी सोमवारी सकाळी गाडी सुरू होत नाही. याची दोन कारणं मुख्य आहेत.

एक, बॅटरीच म्हातारी झाली. उन्हाळ्याच्या उष्णतेत बॅटरी झपाट्याने झिजते, त्यामुळे आपल्याकडे तीन ते पाच वर्षांचं आयुष्य धरायला हरकत नाही. दुकानात लोड टेस्ट करून घेतली की चित्र स्पष्ट होतं. रोज फक्त दोन किलोमीटर भाजी आणायला गाडी काढत असाल, तर सेल्फ मारताना गेलेली वीजही नीट भरून निघत नाही.

दोन, गाडी बंद असताना कुणीतरी वीज पितंय. घड्याळ, लॉक यांसाठी साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज जाणं सामान्य आहे. पण बाहेरून बसवलेला डॅशकॅम, ट्रॅकर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा डिकीतला न विझणारा दिवा अर्धा अँपिअर ओढत असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या दिवशी हात वर करते. ऑटो इलेक्ट्रिशियन एकेक फ्यूज काढून हा चोर शोधू शकतो.

आणि किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वीही बॅटरी दिवा लागत नसेल तर खूश होऊ नका. बल्ब गेलाय किंवा वायर तुटलीय. जुन्या काही गाड्यांत तर त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला पहिला प्रवाह मिळतो, म्हणजे बल्ब गेला की चार्जिंगही अडू शकतं.

ही 'चाचणी' करू देऊ नका

इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला. ही युक्ती अजूनही काही ठिकाणी करतात. जुन्या गाड्यांत ती खपून जायची. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जळू शकतो. दोन मिनिटांत मल्टिमीटर जे सांगतो, त्यासाठी हा धोका कशाला? कुणी पाना घेऊन पुढे सरसावलं तर स्पष्ट नाही म्हणा.

जम्पर केबल लावून गाडी सुरू केल्यावरही लाल दिवा विझला नाही, तर लगेच लांबच्या प्रवासाला निघू नका. थेट गॅरेज गाठा.

गॅरेजमध्ये हे विचारा

• बॅटरी बदलायला सांगण्याआधी चार्जिंगचं व्होल्टेज मोजलं का? आकडा किती आला?
• अख्खा अल्टरनेटर बदलायचा की फक्त कार्बन, रेग्युलेटर किंवा बेअरिंग? बऱ्याचदा सुटा भाग बदलून काम होतं आणि खर्च खूप कमी येतो.
• पट्टा बदलताना त्याचा टेन्शनर तपासला का?
• बॅटरी वॉरंटीत आहे का? बिल आणि कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवलात तर ऐनवेळी शोधाशोध होत नाही.

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी निघण्याच्या आठवडाभर आधी ही तीन मोजमापं घ्या. घरातल्या मोठ्या मुलांनाही मीटर धरायला शिकवा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि बिघाड सापडलाच तर तो आपल्या दारात सापडेल, अनोळखी घाटात नाही.