झोताला हवा किती लागते?

एअरब्रशसाठी घेतलेल्या लहानशा कॉम्प्रेसरवर पितळी रेल्वे-इंजिनाची प्रतिकृती रंग देण्यापूर्वी सँडब्लास्ट करता येईल काय, अशी पृच्छा एका वाचकांनी केली आहे. आणि जाहिरातीतील ‘चार बार’ या अक्षरांवर त्यांची सारी भिस्त असावी, असे पत्रावरून दिसते.

तो आकडा खोटा नसतो. परंतु नोझल बंद असताना दाब कोठवर चढतो एवढेच तो सांगतो, आणि झोत चालू असताना मिनिटाला हवा किती मिळेल या मुख्य मुद्द्यावर बहुधा मौन पाळतो. असा कॉम्प्रेसर मिनिटाला जेमतेम २०-२५ लिटर हवा ओढतो. याउलट १ मिलिमीटर व्यासाच्या नोझलमधून ४ बार दाबाखाली सुमारे ४५ लिटर आणि दीड मिलिमीटरच्या नोझलमधून सुमारे १०० लिटर मोकळी हवा निघून जाते. त्यातही उडणारे कण नोझलच झिजवीत असल्याने हा खर्च दिवसेंदिवस वाढतच जातो. कॉम्प्रेसर ही प्राप्ती आणि टाकी ही शिल्लक, असा जमाखर्च मांडला म्हणजे उलगडा होतो: २४ लिटरची टाकी ८ बारांवरून ४ बारांवर उतरेपर्यंत ९६ लिटर हवा देते, म्हणजे दीड मिलिमीटरच्या नोझलला ती शिल्लक मिनिटभरही पुरत नाही, आणि प्राप्तीच तुटपुंजी असेल तर टाकी कितीही मोठी घेतली तरी दिवाळे फक्त थोडे लांबते. म्हणून अश्वशक्तीच्या भपक्याकडे दुर्लक्ष करून, कामाच्या दाबाला मिनिटाला मिळणारी मोकळी हवा, म्हणजेच ‘फ्री एअर डिलिव्हरी’, विचारावी आणि ती नोझलच्या गरजेच्या निदान दीडपट असावी.

सँडब्लास्टिंगच्या या विद्येचे जनक फिलाडेल्फियाचे बेंजामिन च्यू टिल्गमन. अमेरिकन यादवी युद्धात चॅन्सेलर्सव्हिल येथे जखमी झालेल्या या सेनाधिकाऱ्याने लाकडापासून कागदाचा लगदा करण्याची सल्फाइट पद्धत १८६७ साली आणि वाळूच्या झोताचे पेटंट १८७० साली घेतले. असे असून त्यांचे नाव आज कारखानदारांनाही क्वचितच ठाऊक असते. त्या काळच्या कारागिरांना मौज वाटली ती याची, की काचेवर नाजूक लेस अंथरून झोत सोडला असता कठीण काच खरवडली जाई आणि लेस मात्र शाबूत राही, कारण लवचीक धागा आघात पचवितो आणि ठिसूळ काच कणाकणाने फुटते. प्रतिकृतीचा जो भाग राखायचा त्यावर साधी व्हिनाइल पट्टी चिकटविली तरी भागते, ते याच न्यायाने.

पितळेसाठी २२० नंबरची अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड दोन-अडीच बारांवर पुरेशी होते. प्लास्टिकसाठी खाण्याचा सोडा, तोही मंद दाबाने. संपीडनाने तापलेली हवा नळीत निवताच बाष्प पाणी होऊन टपकते आणि ऐन पावसाळ्यात पूड नोझलमध्ये गोळा होऊन बसते; यास्तव जलसापळा कॉम्प्रेसरला खेटून न लावता नळीच्या दुसऱ्या टोकाशी बसवावा. नदीची वाळू स्वस्त पडते म्हणून वापरण्याचा मोह मात्र सर्वथा टाळावा: तिच्यातील सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत रुतून सिलिकोसिस होतो, आणि ब्रिटनने ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूला १९४९ सालीच कायद्याने मनाई केली होती. पूड कोणतीही असो, काम बंद पेटीतच करावे आणि पेटीला धूळ ओढणारा पंखा असावा.