अभ्यास करणाऱ्यांनी रोज एक पेरू का खावा?

वर्षावासात आपण भन्तेजींना आवर्जून फलदान करतो. अभ्यासिकेत बसणारी आपली मुले-मुली मात्र चहा-वडापाववर दिवस काढतात. महागडे सफरचंदच हवे असे नाही. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या जवळपास चौपट. रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते लागते, पण त्याने सर्दी होणारच नाही असे नव्हे. डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात शोषले जायलाही ते मदत करते. लोह कमी पडले की थकवा येतो, वाचनात लक्ष लागत नाही. मुलींमध्ये हे जास्त आढळते. म्हणून पेरू जेवणासोबतच खावा. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, तो लोह अडवतो. अशक्तपणा फार वाटत असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.