वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला काय ?



उसाची गाडी काट्यावरून गेली की काट्याची पावती आपण बिल हाती पडेपर्यंत जिवापाड जपतो. घरात घेतलेल्या यंत्राच्या पावतीचे मात्र तसे होत नाही. त्यापायी काय सोसावे लागते, ते आम्ही नुकतेच डोळ्यांनी पाहिले.

खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही आंबागडास गेलो होतो. तेथील एका सभासदाने ऊस बिलाच्या पैशातून मुलीच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेतला होता. वॉरंटी एक वर्षाची. ती संपून १९ दिवस झाले आणि लॅपटॉप सुरूच होईना. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला. मुदत संपली, आता पैसे भरावे लागतील." खर्चाचा आकडा ऐकून सभासदाने कपाळाला हात लावला. "का करू जी साहेब ? पोरीची परीक्षा तोंडावर आली !" गावातल्या कारागिराकडून तो उघडून घेण्याच्या बेतात ते होते. आम्ही म्हटले, "थांबा भाऊ, आधी कागद दाखवा."

काट्याच्या पावत्यांच्या डब्यातच सर्व्हिस सेंटरची एक चिठ्ठी निघाली. दहाव्या महिन्यात चार्जिंग होत नाही म्हणून लॅपटॉप दाखवला होता, त्याची ती नोंद. दोष मुदतीतच सुरू झाला होता, याचा तो पुरावा ! मुलीने कंपनीस लेखी तक्रार केली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंदवली. पुढे कंपनीने बोर्ड विनामूल्य बदलून दिला. परंतु मधले दिवस पोरीला मैत्रिणीच्या घरी बसून अभ्यास करावा लागला.

यंत्र असे का बिघडते ? आत बारीक झाळकाम असते. ते तापते, निवते आणि कालांतराने तडकते. आपल्याकडचा उन्हाळा, धूळ आणि कमी-जास्त होणारा वीजदाब त्यात भर घालतात. पण काही वेळा दोष मुळातच असतो. २००८ साली एनव्हिडिया कंपनीच्या लॅपटॉपमधील चिपांत असा दोष निघाला, तेव्हा काही लॅपटॉप कंपन्यांनी त्या दोषापुरती वॉरंटी वाढवून दिली. २०१८ साली ॲपलने काही लॅपटॉपांचे कीबोर्ड खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत फुकट दुरुस्त करण्याचे जाहीर केले. म्हणजे मुदत ही काही दगडावरची रेघ नव्हे.

आपल्याकडे १९८६ च्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला व जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते. कंपनी मुंबई-बेंगळूरची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे भंडाऱ्यास, दावा चालतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाही. मात्र दोष मूळचा होता हे दाखवावे लागते. नुसते "मुदत नुकतीच संपली" एवढ्यावर भागत नाही, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा बंधूंनो, एवढे करा :

१. बिल व वॉरंटी कार्ड काट्याच्या पावत्यांसोबत ठेवा, त्यांचा फोटोही काढून ठेवा.

२. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी यंत्र नीट तपासा. बारीकसा दोष असला तरी दाखवा आणि लेखी चिठ्ठी घ्या. तोंडी बोलणे पुढे कोणी मानत नाही.

३. बिघाड झाल्यास यंत्र बाहेर उघडू नका. आधी तक्रार, मग दुरुस्ती.

४. मुलांच्या अभ्यासाची नक्कल दुसरीकडेही ठेवा. बोर्ड बदलून मिळतो, गेलेले लिखाण मिळेलच असे नाही.

हाच नियम विहिरीवरच्या मोटरीला आणि फवारणी पंपालाही लागू आहे. घामाचा पैसा आहे, तो कागदाअभावी जाऊ देऊ नका. कोणास तक्रारअर्ज लिहिण्यास अडचण वाटल्यास गट कार्यालयात यावे, आम्ही लिहून देऊ.