खैरागडचे कलापीठ

भिलाईलगतच्या रिसालीहून पश्चिमेस दुर्ग व राजनांदगाव ओलांडून गेले असता लागणारे खैरागड हे पूर्वीचे लहानसे संस्थान; तेथील राजे बीरेंद्र बहादूर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या इंदिरा नामक कन्येच्या स्मरणार्थ राजवाडाच विद्येस बहाल केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय अस्तित्वात आले. त्याच दिवशी नागपुरास धम्मदीक्षेचा महासोहळा चालू होता, आणि त्या शहराचा प्रांतिक राजधानीचा मान सुटण्यास अवघे अठरा दिवस उरले होते!

मराठी वाचकास आपुलकी वाटावी ती येथील आरंभीच्या कुलगुरूंविषयी. भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मूळचे मुंबईचे. लखनौच्या मॅरिस कॉलेजाची धुरा दीर्घकाळ वाहून, गिंडे, भट, कायकिणी यांसारखे शिष्य घडवून, ‘सुजान’ या नाममुद्रेने शेकडो बंदिशी रचून झाल्यावर त्यांनी या आडवळणाच्या गावचा कारभार पत्करला, यातच त्यांची वृत्ती दिसते.

चित्र, शिल्प व मुद्राचित्रण यांचे अध्यापनही येथे चालते. संगीताच्या कीर्तीमागे ते थोडेसे झाकले जाते, हे काहीसे अन्यायाचेच.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील अधिकारी व इमदादखानी परंपरेचे सतारिये विमलेंदु मुखर्जी हेही पुढे येथे कुलगुरू झाले. त्यांचे पुत्र व शिष्य बुधादित्य यांचा जन्म १९५५ साली भिलाईतच झाला.